देह कोणाच्या ताब्यात? मुंबई आणि फाशीची दोनशे वर्षे

नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे देह भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षाहून अधिक काळ पडून होते. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाचा कारभार पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने त्यांना जागा देण्यास नकार दिला. पाकिस्ताननेही ते मागितले नाहीत. अखेर जानेवारी २०१० मध्ये, कोणालाही न सांगता, त्यांचे दफन उरकण्यात आले, आणि ही गोष्ट राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी एप्रिलमध्ये विधिमंडळात सांगितली तेव्हा कुठे लोकांना कळली. दहावा हल्लेखोर अजमल कसाब त्या वेळी सात रस्त्याच्या आर्थर रोड तुरुंगात, म्हणजे शवागारापासून फार तर दोन-तीन किलोमीटरवर, जिवंत होता आणि त्याचा खटला चालू होता.

हे नऊ जण फासावर गेलेले नव्हते, चकमकीत मेले होते. तरीही फाशीच्या इतिहासाची चर्चा त्यांच्यापासून सुरू करणे योग्य ठरते. फाशी म्हटले की दोर, खटका, जल्लाद आणि पहाटेची वेळ एवढेच डोळ्यांसमोर येते. ते सारे काही मिनिटांत संपते. त्यानंतर जमिनीवर एक देह उरतो आणि तो कोणाला द्यायचा, कुठे न्यायचा, त्याच्यामागून किती लोकांनी चालायचे, हे प्रश्न उरतात. मुंबईच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरे बदलत गेली आहेत, आणि त्या बदलातून राज्यकर्त्यांना कोणत्या काळी कशाची भीती वाटत होती हे जितके स्पष्ट दिसते तितके न्यायालयांच्या निकालपत्रांतूनही दिसत नाही.

आधी थोडा भूगोल. भायखळा आणि त्याच्या आसपास तीन तुरुंगांच्या भिंती आहेत. दक्षिणेला डोंगरी-उमरखाडीचा जुना तुरुंग, जो १८०४ च्या सुमारास उभा राहिला आणि जिथे आज बालगृह आहे. मध्ये भायखळ्याचा तुरुंग, जो आज प्रामुख्याने महिला कैद्यांसाठी ओळखला जातो. उत्तरेला १९२० च्या दशकात बांधलेले आर्थर रोड कारागृह. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये १०१ दिवस डोंगरीच्या कोठडीत काढले आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. सावरकर अंदमानास जाण्यापूर्वी डोंगरी, भायखळा आणि ठाणे या तिन्ही तुरुंगांतून गेले. राज्यातील सर्वांत गाजलेले खटले याच शहरात चालले, देहदंडाच्या शिक्षाही इथेच सुनावल्या गेल्या. मात्र आज मुंबईच्या एकाही तुरुंगात फाशीचा तख्ता नाही. महाराष्ट्रात तो केवळ दोन ठिकाणी आहे, पुण्याचे येरवडा आणि नागपूर.

एके काळी असे नव्हते. कंपनीच्या काळातील मुंबईत किल्ल्याच्या तटाबाहेर, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात, एक तळे होते. लोक त्याला 'फाशी तलाव' म्हणत. शहराला जिच्यावरून नाव मिळाले त्या मुंबादेवीचे जुने देऊळ याच भागात होते. म्हणजे देवीला जाणारा, बंदरावर उतरणारा, बाजारात शिरणारा प्रत्येक माणूस वधस्थानाजवळून जात असे. इंग्रज त्या तळ्याला 'गिबेट पॉन्ड' म्हणत आणि या नावात थोडा अर्थ दडलेला आहे. गिबेट म्हणजे केवळ फाशीचा खांब नव्हे. मेलेल्या गुन्हेगाराचा देह लोकांना दिसावा म्हणून टांगून ठेवण्याचा खांब. इंग्लंडमध्ये १७५२ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार खुन्याचा देह एक तर शल्यवैद्यांकडे चिरफाडीसाठी द्यायचा किंवा साखळदंडांत लटकवून ठेवायचा असे. त्याला पुरू देणे हीच मोठी सवलत ठरली असती, म्हणून ती नाकारणे हा शिक्षेचा भाग होता. प्राण घेऊन शिक्षा संपत नव्हती.

एतद्देशीय राजवटींची रीतही याहून फार सौम्य नव्हती. टकमक टोकावरील कडेलोट, हत्तीच्या पायी देणे, सुळावर चढवणे, या साऱ्यांत बघणाऱ्यांची गर्दी गृहीत धरलेली होती. मराठीत 'सुळावरची पोळी' हा वाक्प्रचार आजही टिकून आहे. ज्या लाभामागे प्राणसंकट उभे आहे तो लाभ, असा त्याचा अर्थ. वधापूर्वी गोडधोड खाऊ घालण्याची कल्पना आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे की सूळ गेला तरी पोळी मागे राहिली.

मुंबईबाहेर पाहिल्यास याच काळातील सर्वांत ठळक उदाहरण उमाजी नाईकांचे. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांचा देह पिंपळाच्या झाडाला तीन दिवस लटकत ठेवला होता, असे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पुरंदरच्या डोंगरांत कंपनी सरकारला वर्षानुवर्षे हुलकावणी देणारा माणूस खरोखरच मेला आहे, हे रामोश्यांना आणि गावोगावच्या पाटलांना स्वतःच्या डोळ्यांनी पटावे, हा त्यामागील हेतू. इथे देह म्हणजे सरकारी जाहीरनामा होता. तो वाचण्यासाठी अक्षरओळख लागत नव्हती.

मुंबईत या दिखाऊपणाने १८५७ मध्ये कळस गाठला. शहराच्या पोलिसांची सूत्रे तेव्हा चार्ल्स फोर्जेट या अधिकाऱ्याच्या हाती होती. त्याला इथल्या भाषा अवगत होत्या आणि वेषांतर करून वस्त्यांत फिरण्याची हौस होती. त्याने पोलीस कचेरीच्या आवारात फाशीचा खांब उभारला, ज्यांच्याविषयी संशय होता अशा बड्या असामींना बोलावून तो खांब दाखवला, आणि गडबड केल्यास काय होईल ते सांगून परत पाठवले. त्या खांबाला पाहुण्यांपैकी कोणी लटकले नाही. तो उभा असणे पुरेसे होते.

पुढे फोर्जेटला सोनापूरजवळच्या एका घरात देशी शिपायांची गुप्त खलबते चालत असल्याचा सुगावा लागला. भिंतीआडून त्याने ती स्वतः ऐकली आणि लष्करी अधिकाऱ्यांनाही ऐकवली. मरीन बटालियनचा सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा मंगल गडिया या दोघांना लष्करी न्यायालयाने देहदंड दिला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजे आज जिथे आझाद मैदान आणि क्रॉस मैदान आहेत त्या मोकळ्या पटांगणावर, त्यांना तोफेच्या तोंडी दिले गेले. पलटणी चौकोन करून उभ्या होत्या. त्यामागे शहर लोटले होते. त्या गर्दीत १३ वर्षांचा एक पारशी शाळकरी मुलगा होता, पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले दिनशा वाच्छा. उतारवयात लिहिलेल्या आठवणींत त्यांनी तो प्रसंग नोंदवला आहे, आणि साठ वर्षांनंतरही त्यांच्या स्मरणात काय राहिले होते, तर जळलेल्या मांसाचा वास.

तोफ ही शिक्षा का निवडली, यामागे निव्वळ क्रौर्य नव्हते, हिशेब होता. तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसाचा देहच उरत नाही. हिंदूला अग्नी नाही, मुसलमानाला कबर नाही. एक हिंदू आणि एक मुसलमान अशा दोघांना एकाच वेळी, एकाच रीतीने, अंत्यसंस्कारांपासून वंचित करण्याची ती युक्ती होती, आणि समोर उभ्या असलेल्या शिपायांना ती नेमकी कळत होती. इंग्रजांनी जातिधर्माचा केलेला अभ्यास कोणत्या कामी येत असे, याचे हे उदाहरण बरेच बोलके आहे.

मात्र त्यानंतर काही दशकांतच वारे फिरले. लंडनमध्ये फाशी पाहायला जमणारी गर्दी दारू पिते, खिसे कापते, टिंगल करते, तिला कसलीही दहशत बसत नाही, अशी तक्रार तेथील सुशिक्षित वर्ग बरीच वर्षे करीत होता. १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उघड्यावरील फाशी बंद केली. हिंदुस्थानात ती त्याच सुमारास टप्प्याटप्प्याने भिंतीआड गेली. काही ठिकाणी तर आधीच. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी फाशी झाली ती ठाण्याच्या तुरुंगात, पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेल्या आणि चिमाजी अप्पांच्या स्वारीत मराठ्यांनी जिंकलेल्या किल्ल्याच्या आत.

त्याच काळात फाशीचे तंत्रही बदलले. पूर्वीच्या फाशीत माणूस गुदमरून मरत असे आणि त्याला बराच वेळ लागे. १८६० आणि ७० च्या दशकांत सॅम्युएल हॉटन या आयरिश विद्वानाने आणि विल्यम मारवुड या इंग्रज जल्लादाने 'लांब पतना'ची पद्धत रूढ केली. कैद्याचे वजन जितके अधिक तितका दोर आखूड; वजन कमी तर दोर लांब. पायाखालची फळी सरकताच मानेचा मणका एका झटक्यात निखळावा, असे हे गणित. चुकले तर एक तर गळा आवळून हळूहळू मरण किंवा मुंडकेच वेगळे. वजनकाटा हे वधस्थानाचे साधन झाले ते तेव्हापासून, आणि फाशी हे कारकून, डॉक्टर व अभियंत्याचे काम बनले. हे तंत्र, हे तक्ते आणि त्यांच्याभोवतीची भाषा आपल्या तुरुंगांच्या नियमावलींत जशीच्या तशी उतरली. त्यातील बराचसा भाग आजही कायम आहे.

भिंतीआड गेलेल्या फाशीचा विधी नियमावलीतून वाचताना त्यातला बारकावा अंगावर येतो. १८९४ च्या तुरुंग कायद्यानुसार देहदंड झालेल्या कैद्याची झडती घ्यायची, त्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत ठेवायचे आणि त्याच्यावर रात्रंदिवस पहारा ठेवायचा. हा पहारा पळून जाण्याच्या भीतीने जितका, तितकाच आत्महत्येच्या भीतीने. ज्याला मारायचे आहे त्याने स्वतः मरता कामा नये, हा या व्यवस्थेचा गाभा. दोराची परीक्षा आदल्या दिवसांत होते. कैद्याच्या वजनाच्या दीडपट वाळूची गोणी त्याला बांधून खाली सोडतात. दोर बहुधा बिहारमधील बक्सरच्या तुरुंगातून येतो आणि तो तिथले कैदीच वळतात.

ठरलेल्या पहाटे अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी आणि दंडाधिकारी कोठडीत जातात. वॉरंट कैद्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत वाचून दाखवतात. हात मागे बांधले जातात आणि तख्त्याकडे नेताना तोंडावर कापडी टोपी ओढली जाते, म्हणजे फास त्याला दिसू नये. कैद्याची इच्छा असल्यास त्याच्या धर्माचा पुरोहित हजर राहू शकतो. नातेवाइकांना मात्र मज्जाव. तुरुंगातील इतर सर्व कैदी तोवर बराकींत बंद असतात आणि देह बाहेर जाईपर्यंत कुलपे उघडत नाहीत. खटका ओढल्यावर देह अर्धा तास तसाच लोंबकळत ठेवतात, डॉक्टर मृत्यूची खात्री करतात, मगच तो खाली उतरवला जातो. आधुनिक आदर्श नियमावलीत एक विलक्षण कलम आहे. आप्तांना मनाई असली, तरी संशोधन करणारे समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांना अधीक्षक परवानगी देऊ शकतात. आई उभी राहू शकत नाही, अभ्यासक राहू शकतो.

अमेरिकेशी तुलना केली की आपल्या विधीचे वेगळेपण लक्षात येते. तिथे उघड्यावरील शेवटची फाशी १४ ऑगस्ट १९३६ रोजी केंटकी राज्यातील ओवेन्सबरो गावात झाली आणि ती पाहायला सुमारे २०,००० लोक जमले, असे म्हणतात. त्यानंतर मृत्युदंड तुरुंगात गेला, पण प्रेक्षक पूर्णपणे गेले नाहीत. काचेपलीकडे पत्रकार, वकील, बळी पडलेल्यांचे नातलग आणि कैद्याचे आप्तही बसतात. अखेरच्या जेवणात कैद्याने काय मागितले हे वर्तमानपत्रांत छापून येते. तिथे लोकांनी पाठवलेले साक्षीदार हा विधीचा आवश्यक घटक आहे. आपल्याकडे साक्षीदार म्हणजे शासनाचेच नोकर. इथल्या न्यायालयांतील एक प्रथा तेवढी सर्वांच्या परिचयाची आहे: देहदंडावर सही केल्यावर न्यायाधीश लेखणीचे टोक मोडतात. कायद्यात तिला आधार नाही, पण ती टिकून आहे.

गर्दीला बाहेर ठेवले तरी देह आत ठेवता येत नव्हता, आणि राजकीय कैदी फासावर जाऊ लागले तसा हा प्रश्न तीव्र झाला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरी, भायखळा असा प्रवास करून ते येरवड्यास पोहोचले. तिथेच फाशीच्या कोठडीत दामोदर चापेकर होते. टिळकांनी आपली गीतेची प्रत त्यांना दिली आणि १८ एप्रिल १८९८ रोजी ती हातात घेऊनच ते तख्त्यावर चढले, ही कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. पुढच्या वर्षी मे महिन्यात, अवघ्या पाच दिवसांत, वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर यांना त्याच तुरुंगात फाशी झाली. आतल्या विधीचा एकही प्रेक्षक नसताना त्याची वार्ता भिंत ओलांडून गेली. सरकारने प्रेक्षक काढून घेतले होते. जनतेने त्या जागी कथा आणली. गीता हाती असलेला माणूस डोळ्यांनी पाहिलेल्या माणसापेक्षा अधिक लोकांनी पाहिला.

याची जाणीव सरकारला १९१० पर्यंत पुरती झालेली दिसते. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. फाशी मात्र मुंबईत नव्हे, ठाण्यात. १९ एप्रिल १९१० च्या सकाळी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फासावर चढवले गेले. कान्हेरे तेव्हा विशीही गाठलेले नव्हते. देह नातेवाइकांना दिले नाहीत. पोलिसांनीच ते खाडीच्या काठी जाळले आणि राख पाण्यात सोडली, जेणेकरून कपाळाला लावायला चिमूटभरही कोणाच्या हाती लागू नये.

उमाजींपासून कान्हेऱ्यांपर्यंत ७८ वर्षे. पिंपळावर तीन दिवस लटकवलेला देह आणि खाडीत विरघळवलेली राख, या दोन टोकांमधला फरक केवळ सौजन्याचा किंवा सुधारणेचा नव्हे. पहिल्या वेळी सरकारला वाटत होते की लोकांनी पाहिले तर ते घाबरतील. दुसऱ्या वेळी सरकारला वाटत होते की लोकांनी पाहिले तर ते नमस्कार करतील. २३ मार्च १९३१ ला लाहोरात भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे राजगुरू यांना ठरल्या वेळेआधी, संध्याकाळी फाशी देऊन रात्रीतच सतलजच्या काठी त्यांच्या देहांची विल्हेवाट लावली गेली, ती याच भीतीपोटी. ठाण्याच्या तुरुंगात ती फाशीची जागा आज स्मारक म्हणून जपलेली आहे. ज्या राख नसलेल्या हुतात्म्यांना समाधी नाही, त्यांच्यासाठी तख्ताच समाधीच्या जागी आला.

स्वातंत्र्यानंतर शिक्षा राहिली, नियमावली राहिली आणि जागा आणखी आकसल्या. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देहदंड 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणांपुरता मर्यादित केला. १९८३ मध्ये दीना खटल्यात फाशी ही पद्धत घटनाबाह्य नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चौघांना येरवड्यात फाशी झाली आणि ९ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथेच जनरल अरुणकुमार वैद्यांच्या मारेकऱ्यांना. या काळात देहाचा प्रश्न काहीसा मागे पडला होता. तो परत आला तो कसाबबरोबर.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. परकीय सत्तेविरुद्ध लढलेले हुतात्मे आणि निःशस्त्र प्रवाशांवर गोळ्या चालवणारा हल्लेखोर यांची इथे बरोबरी केलेली नाही. १६६ माणसे मारणाऱ्या हल्ल्याचा न्याय वेगळ्या तराजूत होतो. फाशीच्या वॉरंटावरचे शब्द मात्र दोघांसाठी एकच असतात आणि फाशीनंतर अधीक्षकासमोर उभा राहणारा प्रश्नही एकच.

५ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपतींनी कसाबचा दयेचा अर्ज फेटाळला. त्यानंतर त्याला अत्यंत गुप्तपणे रात्री आर्थर रोडवरून पुण्यास हलवले गेले. खटल्याच्या चार वर्षांत ज्या शहराने त्याचे नाव रोज ऐकले होते त्याच्या झोपेतून ती गाडी निघून गेली. २१ नोव्हेंबरच्या सकाळी साडेसातला येरवड्यात फाशी झाली आणि शहराने ती बातमी न्याहारीच्या वेळी ऐकली. देह तुरुंगाच्या आवारातच पुरला. बडा कब्रस्तानाने नऊ देह नाकारले होते. दहाव्यासाठी विचारण्याची वेळच येऊ दिली नाही.

अडीच महिन्यांनी, ९ फेब्रुवारी २०१३ रोजी, दिल्लीच्या तिहार तुरुंगात अफजल गुरूला फाशी झाली आणि त्यालाही आतच पुरले गेले. त्याच्या कुटुंबाला कळवणारे पत्र टपालाने गेले आणि फाशी झाल्यावर पोहोचले. या घाईने कायद्याच्या जगात अस्वस्थता निर्माण केली. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या खंडपीठाने पंधरा जणांची फाशी रद्द करून जन्मठेपेत बदलली आणि त्याबरोबर काही नियम घालून दिले. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस. त्या अवधीत कुटुंबाशी अखेरची भेट. आणि फाशीनंतर शवविच्छेदन सक्तीचे. हा तिसरा नियम फारसा चर्चिला गेला नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने तो सर्वांत लक्षणीय आहे. मणका खरोखर झटक्यात निखळतो की माणूस गुदमरतो, हे तपासण्याची सक्ती तोवर नव्हती. हॉटन आणि मारवुड यांच्या गणितावर विसंबून शतकाहून अधिक काळ फाशी देण्यात आली आणि ते गणित बरोबर येते का, हे पाहण्याचा नियम २०१४ मध्ये आला. इंग्लंडच्या कायद्याने अपमान म्हणून सांगितलेली देहाची चिरफाड इथे कैद्याच्या हक्काचा भाग म्हणून परतली.

या नियमांनंतर महाराष्ट्रात झालेली फाशी म्हणजे ३० जुलै २०१५ ची, नागपूरची. १९९३ च्या साखळी स्फोटांत २५७ माणसे गेली होती. त्या कटातील सहभागाबद्दल मुंबईच्या टाडा न्यायालयाने याकूब मेमनला २००७ मध्ये देहदंड दिला होता. फाशीच्या रात्री तीन वाजून गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाचे दालन उघडले, सुनावणी पहाटेपर्यंत चालली, अर्ज फेटाळला गेला आणि सातच्या आत नागपुरात फाशी झाली. तो त्याचा ५३ वा वाढदिवस होता.

आणि या वेळी देह कुटुंबाच्या हाती दिला गेला. नियमावलीत त्याची तरतूद आधीपासून होती: नातेवाइकांनी लेखी अर्ज करावा, कोणतेही जाहीर प्रदर्शन करणार नाही असे लिहून द्यावे, आणि अधीक्षकास शंका वाटल्यास त्याने नकार द्यावा. या एका कलमात सबंध इतिहास सामावलेला आहे. देह मृताच्या आप्तांचा, पण त्याच्याभोवतीची गर्दी सरकारच्या परवानगीची. मिरवणूक नको या अटीवर देह विमानाने मुंबईत आला, माहीमच्या घरी गेला आणि तेथून मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात. मिरवणूक निघाली नाही, तरी हजारो लोक आले. ते का आले, यावर पुढे कित्येक दिवस वाद झाले. कोणी त्यात गुन्ह्याचे समर्थन पाहिले, कोणी १९९२-९३ च्या दंगलींत न मिळालेल्या न्यायाचे दुःख. जमावाच्या मनात काय होते हे जमावाकडून कधीच लिहून घेता येत नाही. १८५७ च्या एस्प्लनेडवरही ते कोणी लिहून घेतले नव्हते.

स्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांच्यासाठी हे दृश्य असह्य होते, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तरीही मरण पावलेल्याला त्याच्या घरच्यांनी माती द्यावी, एवढी गोष्ट शासनाने मान्य करणे हा उमाजींच्या पिंपळापासूनचा फार लांबचा पल्ला आहे. तो मान्य करूनही भीती संपली नाही, हे सात वर्षांनी दिसून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या कबरीभोवतीच्या संगमरवरी फरशीची आणि दिव्यांची छायाचित्रे पसरली. दिवे शब-ए-बरातच्या रात्रीसाठी लावले होते, असे सांगण्यात आले. राजकीय पक्षांनी एकमेकांवर आरोप केले, सरकारने चौकशीचे आदेश दिले आणि पोलीस कब्रस्तानात जाऊन ते दिवे उतरवून आले.